दर्यापूर रस्त्यावरचा तिसरा नंबर

मी पोटासाठी काय करतो हे मी नातेवाइकांना बारा वर्षं समजावून सांगितलं आणि एकाच्याही डोक्यात शिरलं नाही. त्यांचा तरी काय दोष? आधी पावणेचार किलोमीटर पोहायचं, मग ओल्या अंगानं सायकलवर बसून एकशे ऐंशी किलोमीटर जायचं, आणि सायकल टेकवली की बेचाळीस किलोमीटर पळायचं. हे सगळं एकाच दिवशी, एका दमात, मागे कुत्रं लागलेलं नसताना. याला लांब पल्ल्याचं ट्रायथलॉन म्हणतात आणि हा माझा धंदा होता. मुलगी पाहायला गेलो की मुलीचे वडील विचारत, "पर्मनंट हाये काय?" मी म्हणायचो, नाही, कराराचं आहे. "मंग म्हातारपनी काय करसान?" म्हातारपणी कमी पळीन, असं मी एकदा बोललो, तर पोहे यायच्या आधीच बैठक संपली. अकोल्याचे एक गृहस्थ तर तोंडावर म्हणाले, "शाळंत शिपाई असता तरी देल्ली असती पोरगी."

बाबांची काळी-पिवळी जीप होती, दर्यापूर ते मूर्तिजापूर. परवाना नऊ सिटांचा, बसायची सतरा माणसं, आणि टपावर कोंबड्यांच्या पाट्या वेगळ्या. त्यांच्या लेखी रिकामी खेप म्हणजे पाप. "मी मूर्तिजापूरले जातो तं सतरा माणसं घेऊन जातो," ते गाडीतल्या लोकांना माझ्यादेखत सांगत. "हा अकोल्यापर्यंत जाते. येकटा जाते. काही नेत नाही, काही आनत नाही, अन् घरी येऊन म्हनते थकलो. काहून थकला बे? कोनी सांगतलं होतं तुले?" गाडीतली सतराही माणसं हसायची. 

आमचं गाव दर्यापूर तालुक्यातल्या खारपाणपट्ट्यातलं. विहिरीच्या पाण्यानं डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि अंगावर पांढरी रेघ राहते ती वेगळी. पण खाऱ्या पाण्यात माणूस जरा वर तरंगतो. त्यामुळे मी जितका बरा पोहायचो, त्याहून दुप्पट बरा पोहतो असं मला वाटायचं. तर अशा विहिरीत मी रोज पहाटे सरावाला जायचो. आता ती वर्षं कशी होती हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. पेपर उघडला की पहिल्या पानावर आमचाच जिल्हा असायचा, एक पाहणी पथक गेलं की दुसरं यायचं, आणि पहाटे एकट्यानं विहिरीकडे जाणं ही कोणाची खासगी बाब राहिली नव्हती. तिसऱ्याच दिवशी कोणीतरी मला कपडे काढताना पाहिलं आणि बोंब ठोकली. पाच-सात जण धावत आले. दोर आला, बाज आली, आणि एका शूर माणसानं वरून उडी टाकली. त्याला पोहता येत नव्हतं. मी त्याला केसांना धरून पायरीपर्यंत ओढत आणला, हे सगळ्यांनी पाहिलं. पण पुढच्या ग्रामसभेत शाल-श्रीफळ मिळालं ते त्यालाच, मला वाचवल्याबद्दल.

आठवड्याभरानं समुपदेशनवाले साहेब आले. हातात छापील फॉर्म. झोप लागते का? मी म्हणालो, आठ वाजता मेल्यासारखा झोपतो. त्यांनी वर पाहिलं. भूक? बारा पोळ्या. जगण्याचा कंटाळा येतो का? मी म्हणालो, रोज नाही, फक्त सायकलवर एकशे चाळीस किलोमीटर झाले की येतो. साहेबांनी ते लिहून घेतलं आणि खाली दोनदा रेघ मारली. त्यानंतर गावातला एक ना एक माणूस माझ्या मागे असायचाच. मी पळायला निघालो की तोही निघायचा, धापा टाकत, "कुठी चालला गा, बोल माह्यासंगं" म्हणत. शेवटी वैतागून मी अमरावतीला खोली घेतली.

माझा प्रशिक्षक असा कोणी नव्हता. मूर्तिजापूरला स्टेशनजवळ सायकली दुरुस्त करणारे एक चाचा होते, मूळचे बाळापूरचे. माझ्या सायकलचं चाक ते इतकं सरळ करायचे की फिरताना हलतंय की थांबलंय कळायचं नाही. त्यांचा सल्ला नेहमी एकच असायचा: "बेटा, पहले शंभर किलोमीटर ऐसा चला, जैसे किसी के मयत में जा रहा. बाद के अस्सी ऐसा, जैसे शादी में खाना खतम हो रहा." पुढे मी परदेशी प्रशिक्षकांची जाडजूड पुस्तकं वाचली. त्यात हेच होतं, फक्त आलेख काढून.

मग मला कंपनी मिळाली. बोंडअळीचं औषध विकणारी कंपनी. आमच्या भागात दुसऱ्या कशाची जाहिरात करणार? छातीवर औषधाचं नाव, पाठीवर मेलेली अळी, असा पोशाख. घरच्यांना आनंद झाला, कारण अंगावर कंपनीचं नाव म्हणजे नोकरी. त्रास व्हायचा तो रस्त्यावर. मी जीव तोडून सायकल मारतोय, घड्याळाकडे लक्ष आहे, आणि बांधावरून कोणी दोन्ही हात हलवून थांबवतोय. काय झालं म्हणून थांबलो तर, "भाऊ, हे पंधरा लिटरच्या पंपाले किती टाकाव लागते?" पहिल्या वर्षी मी चिडायचो. दुसऱ्या वर्षी मात्रा पाठ केली. तिसऱ्या वर्षी एका म्हाताऱ्यानं कॉलर धरली, "तुमचं औषध पेऊन अळी जाडी होऊन राहिली," तेव्हा मी कंपनीच्या वतीनं माफी मागितली आणि तोंडावर रुमाल बांधून फवारा, एवढं सांगून सटकलो.

याच सुमारास कोणा मोठ्या माणसाच्या डोक्यात आलं की शेतकऱ्यांचं मनोबल खचलं आहे, सबब अमरावतीत लांब पल्ल्याची ट्रायथलॉन स्पर्धा घ्यावी. कपाशी पिकत नाही म्हणून माणूस खचला असेल, तर चाळीस जण विनाकारण पळताना पाहून त्याला उभारी येईल, असा काहीतरी हिशोब असावा. कंपनीचे विक्री अधिकारी मला म्हणाले, "घरचं मैदान आहे. पहिल्या तिघांत या, पुढचा करार करू. नाही आलात तर, तुम्हीच बघा, आमचंही बजेट असतं." बाबांनी ते ऐकलं आणि त्यांनाही मुहूर्त सापडला. त्यांनी एक जुनी जीप पाहून ठेवली होती. "तिसरा नंबर आला तं पय अजून. नाही आला तं बस स्टेरिंगवर. तेहतीस वर्षाचा घोडा झाला तू."

मला जीप चालवायची नव्हती. त्या धंद्याला मी हलका समजत होतो असं नाही. पण सकाळी सहा ते संध्याकाळी सात दर्यापूर-मूर्तिजापूर, मूर्तिजापूर-दर्यापूर, आणि सतरा माणसं विचारणार, काय गा, पयनं सोडलं काय? या विचारानंच मला घाम फुटायचा. मला तिसरा नंबर हवा होता. इतकी कशाची भूक मला आयुष्यात कधी लागली नव्हती.

बाबांची एक सवय इथेच सांगून टाकतो, कारण सगळं तिच्यामुळे घडलं. एकदा भरल्या जीपनं जाताना एक ओळखीचा माणूस पुलाच्या कठड्यावर बसलेला त्यांना दिसला. त्यानं हात केला नाही, नुसतं पाहिलं. "येतानी घेतो गा," म्हणून बाबा पुढे निघून गेले. येताना तो तिथे नव्हता. दुसऱ्या दिवशी तो विहिरीत सापडला. तेव्हापासून रस्त्याच्या कडेला एकटा बसलेला माणूस दिसला की बाबांची जीप थांबायचीच, मग गाडीतल्या सतराजणांनी कितीही आरडाओरडा करो. सकाळी डबा घेऊन बसलेल्या माणसालासुद्धा त्यांनी एकदा विचारलं होतं, "काय झालं गा, बरं आहे ना?" त्यानं दगड मारला. बाबा म्हणाले, दगड मारते म्हणजे बरा आहे.

स्पर्धा हिवाळ्यात व्हायची होती. प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळेना म्हणून ती तीनदा पुढे गेली आणि एप्रिलमध्ये येऊन थांबली. एप्रिलमधलं आमचं ऊन काय असतं हे पाहुण्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं, ते गाडीतून उतरत नसत. साडेपाचला धरणात उड्या मारायच्या होत्या. आम्ही चाळीस जण कमरेएवढ्या पाण्यात उभे, आणि काठावर मंडपात खुर्च्या रिकाम्या. पाहुणे साडेसातला आले, आणि त्यांनी भाषणात सांगितलं की संकटाला पोहून जा. माझ्या शेजारी पुण्याचा एक स्पर्धक उभा होता. आदल्या दिवशी मी तोंड उघडल्यावर तो म्हणाला होता, "तुमची भाषा किती रांगडी आहे हो, ऐकतच राहावंसं वाटतं." तेव्हापासून तो माझ्या डोक्यात गेला होता. आता तो थंडीनं कुडकुडत म्हणाला, "हे बरं नाही हं. पळताना ऊन सोसणार नाही." मला बरं वाटलं. मला सोसणार होतं.

पोहण्यात मी अकरावा होतो. गोड्या पाण्यात माझी खरी लायकी कळते. सायकलवर मात्र चाचांचं ऐकलं. जाताना मयत, येताना पंगत. मूर्तिजापूरच्या नाक्यावर चाचा फडकं हलवत उभे होते, "पाँचवा है, पाँचवा!" अकोल्याच्या अलीकडून वळून अमरावतीत परत आलो तेव्हा अडीच वाजले होते. आता दर्यापूर रस्त्यावर एकवीस किलोमीटर जायचं आणि परत यायचं. रस्ता स्पर्धेसाठी बंद ठेवायचं ठरलं होतं, पण एसटीला ते कोणी कळवलं नव्हतं. पाण्याची टेबलं ठरल्यापैकी अर्धी होती, आणि एका टेबलावर पाण्याऐवजी नुसती फुलांची परडी होती, स्वागताला. एका लिंबाखाली बसलेला म्हातारा मला पाहून शेजारच्याला म्हणाला, "याईले कोनी पकडून आनलं असन काय?" मी चौथा होतो. पुढचे दोघं दिसतही नव्हते. तिसरा पुण्याचा.

वळून परतताना, पाचच्या सुमाराला, तो मला दिसला. बाभळीच्या खोडाला टेकून बसला होता, पाय पसरलेले, एका पायात बूट नाही. तोंड लाल नव्हतं, राखाडी होतं. घाम अजिबात नव्हता. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं की उन्हात घाम थांबला म्हणजे काय. त्यानं मान उचलली आणि म्हणाला, "थोडं पाणी मिळेल का हो?"

माझ्या हातात अर्धी बाटली होती.

मी थांबलो नाही. बाहेरच्यांची मदत घेतली की माणूस बाद होतो असा नियम आहे, म्हणजे मी पाणी दिलं तर त्याचंच नुकसान, असं मी मनाशी म्हटलं. हे मला किती चटकन सुचलं! पुढे टेबल येईल तेव्हा सांगू, असंही म्हटलं. टेबल आलं. तिथे एक बाई आणि फुलांची परडी होती, मी फूल घेतलं आणि काही बोललो नाही. आणि खरं तेच सांगतो, त्याला ओलांडल्यावर मी वेग वाढवला. बत्तीस किलोमीटर पळून झाले होते आणि माझे पाय हसत होते. तिसरा! तिसरा! मी मोठ्यानं म्हणत होतो.

थोड्या वेळानं मागून ओळखीचा हॉर्न ऐकू आला. बाबांची जीप. मूर्तिजापूरहून चाचांना घेऊन, गावातली माणसं भरून ते माझा शेवट पाहायला अमरावतीला निघाले होते. मी हात वर केला. मला वाटलं, आता थांबतील, ओरडतील. जीप माझ्या बाजूनं सुसाट गेली. बाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मागच्या सिटांवर गावातल्या बाया वाकलेल्या होत्या, आणि फाळक्यातून एक अनवाणी पाय बाहेर आला होता. चाचा तेवढे ओरडले, "तू भाग, तू भाग!"

मी पळालो. तिसरा आलो.

मंडपात शाल आली, नारळ आला, आणि माझ्या उंचीचा करंडक आला. विक्री अधिकाऱ्यांनी मिठी मारली, पुढची तीन वर्षं आपली म्हणाले. पाहुणे निघून गेले होते, म्हणून त्यांच्या जागी दुसऱ्या कोणीतरी भाषण केलं आणि वऱ्हाडच्या मातीतली जिद्द, वऱ्हाडच्या मातीतली माणुसकी असं बराच वेळ चाललं. मी खुर्चीवर नारळ धरून बसलो होतो. तेवढ्यात चाचा दवाखान्यातून आले. त्यांनीच सगळं सांगितलं.

पुण्याचा पोरगा जीपमध्ये चढायला तयार नव्हता. "मला उचलू नका, मी बाद होईन," असं म्हणत झाडाला धरून बसला. बाबा म्हणाले, "हो बाद. घरी जाऊन आईले सांग, बाद झालो म्हनून," आणि चौघांनी त्याला उचलून आत घातला. बायांनी तळपायाला कांदा चोळला, लुगड्याचे पदर भिजवून अंगावर टाकले, कोणी माझ्यासाठी कैरीचं पन्हं आणलं होतं, ते त्याला चमच्यानं पाजलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर काही खरं नव्हतं. आता शुद्धीवर आहे. मग डॉक्टरांनी विचारलं, रस्त्यावर इतके खेळाडू पळत होते, कोणालाच हा दिसला नाही?

"तेरे बाबा बोले," चाचा सांगत होते, "'माह्या पोराले दिसला नसन. दिसला असता तं थांबला असता.'"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी करंडकाकडे पाहिलं.

गावी परतताना बाबांनी गाडी चालवता चालवताच विचारलं, "तुले दिसला नसन ना बे तो?"

"नाही दिसला," मी म्हणालो.

"मी तेच म्हनलं," बाबा म्हणाले. मागून कोणीतरी बोललं, पयतानी मान खाली असते, कसा दिसन? दुसरं कोणी म्हणालं, डोळ्यात घाम जाते. सगळ्या गाडीनं मिळून मला वाचवलं. आपल्या बापानं आपल्यावर विश्वास ठेवावा याचा मला जन्मात पहिल्यांदा संताप आला, आणि लाज वाटली, इतकी की गाडीतून उडी टाकावी.

नवीन करार झाला. त्याच्या आनंदात मी स्पर्धेची नियमावली पहिल्यांदा नीट वाचली. एका स्पर्धकानं दुसऱ्या स्पर्धकाला पाणी दिलं तर चालतं, असं तिच्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. बाबांनी पाहून ठेवलेली जीप दुसऱ्या कोणी घेतली. गावात माझी मिरवणूक निघाली, आणि विहिरीत उडी टाकणारा तो शूर माणूस सगळ्यांत पुढे नाचत होता.

महिन्यानं पुण्याचा पोरगा घरी आला. बाबांचे पाय धरायला. बाबांनी त्याला पाया पडू दिलं नाही, पण मागच्या अंगणात गोवऱ्या पेटवून रोडगे लावले, वांग्याची भाजी केली, आणि चाचांसकट सगळी जीपभर माणसं जेवायला बोलावली. तो पोरगा बारीक झाला होता. मांडी घालून नीट बसता येत नव्हतं, तरी बसला. माझ्याशी तो मघापासून फार गोड बोलत होता, आणि मी वाट पाहत होतो. आता बोलेल, आता बोलेल.

बाबा त्याच्या ताटात रोडगा कुस्करत होते, वर तुपाची धार. "हा माहा पोट्टा," माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले. "त्या दिसी तुह्या बाजूनंच गेला असन तो. पन याले तू दिसलाच नाही ना राजा. नाही तं यानं तुले खांद्यावर आनला असता."

पंगतीत कोणाला त्यात काही वाटलंच नाही. फक्त चाचांचा हात ताटात थांबला. पुण्याच्या पोरानं घास गिळला.

"मी झाडाच्या मागच्या बाजूला होतो ना काका," तो म्हणाला. "रस्त्यावरून दिसणं शक्यच नव्हतं."

"मीही त्याच बाजूनं आलो, मले तं..." बाबा काहीतरी आठवायला लागले आणि बोलता बोलता थांबले. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मी काही बोललो असतो.

मग ते खाली पाहून तुपाची वाटी पुसायला लागले. "भाजी संपली त्याची," ते म्हणाले. "वाढ त्याले."

मी उठून वाढली.